पोथीची गाठ सोडणारे पंडित : डॉ. हर्मन याकोबी

ज्ञानपंचमीला अथवा श्रुतपंचमीला आपल्या मंदिरांतून पोथ्या बाहेर काढल्या जातात. चौरंगावर ठेवून त्यांची पूजा होते, आरती होते आणि सायंकाळी वेष्टनाची गाठ पुन्हा पक्की बांधून त्या कपाटात जातात. जिनवाणीविषयी आपल्या मनात जो आदर आहे, त्याचेच हे रूप. या आदरामुळेच वाळवी, दमट हवा आणि आक्रमणे यांतून हजारो हस्तलिखिते वाचली, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि गाठ सोडल्यानंतर पोथी वाचून पाहणारे किती, हा प्रश्न आपल्या समाजात फारसा विचारला जात नाही. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत अनेक दानशूरांची व धर्मप्रेमींची चरित्रे येतील आणि ती यावयासच हवीत. मात्र ज्याने मंदिर बांधले नाही, दान दिले नाही, जो जन्माने जैन नव्हता आणि पुढेही झाला नाही, अशा एका परदेशी विद्वानाचे आपल्यावर मोठे ऋण आहे. त्याचे नाव डॉ. हर्मन याकोबी. आपल्याकडील जुन्या पिढीतील मंडळी त्यांना जेकोबी साहेब म्हणत.

हर्मन याकोबी यांचा जन्म १८५० साली जर्मनीतील कोलोन या शहरात झाला. त्यांचा पहिला ओढा गणिताकडे होता आणि बर्लिन विद्यापीठात त्यांनी गणिताच्याच अभ्यासास आरंभ केला होता. पुढे ते संस्कृत व तुलनात्मक भाषाशास्त्राकडे वळले. बर्लिनमध्ये आल्ब्रेख्त वेबर आणि बॉन येथे गिल्डमाइस्टर हे त्यांचे गुरू. १८७२ साली बॉन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता भारतीय फलज्योतिषातील होरा या संज्ञेचा उगम. गणित, ज्योतिष आणि संस्कृत यांचा असा संगम विशीतल्या तरुणाच्या ठायी क्वचितच आढळतो. पुराव्याशिवाय पाऊल टाकायचे नाही आणि एकदा टाकलेले पाऊल कारणावाचून मागे घ्यायचे नाही, ही गणिताची शिस्त त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते.

डॉक्टरेटनंतर वर्षभर ते लंडनला हस्तलिखितांच्या अभ्यासात होते आणि त्यानंतर १८७३–७४ च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानात आले. त्या वेळी डॉ. गेओर्ग ब्यूलर हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते आणि सरकारच्या वतीने जुन्या हस्तलिखितांचा शोध घेत होते. महाराष्ट्रातील वाचकांना हे नाव परके वाटू नये. कारण ब्यूलर, पीटर्सन, रा. गो. भांडारकर आदी विद्वानांनी मुंबई सरकारसाठी जमवलेला तो संग्रह पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुरक्षित आहे आणि त्यात जैन ग्रंथांचा वाटा फार मोठा आहे. ब्यूलर यांनी या तेवीस वर्षांच्या तरुणास बरोबर घेतले आणि दोघे राजपुतान्यात जैसलमेरला गेले.

त्या काळी जैसलमेरला रेल्वे नव्हती. वाळवंटातील प्रवास करून ही मंडळी किल्ल्यात पोहोचली, तेव्हा त्यांच्यापुढे जैन मंदिरांच्या तळघरातील तो जगप्रसिद्ध ज्ञानभांडार होता. पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरी यांच्या प्रेरणेने तेथे ताडपत्रावरील ग्रंथ एकत्र आणले गेले होते. पंचांनी आरंभी भांडार पूर्णपणे दाखविण्यास उत्सुकता दाखवली नाही. यात त्यांना फारसा दोष देता येणार नाही. परक्या राजवटीचा अधिकारी दाराशी उभा असता पूर्वजांनी प्राणपणाने जपलेला ठेवा त्याच्यापुढे एकदम कसा मांडावा? तरीही जे पाहावयास मिळाले, तेवढ्यानेही पाहुणे थक्क झाले. बिल्हण कवीच्या विक्रमांकदेवचरिताची जुनी प्रत तेथे सापडली आणि दोघांनी मिळून आठवडाभरात ती हाताने उतरवून घेतली. एका वैदिक कवीचे, चालुक्य राजावरील संस्कृत महाकाव्य जैन भांडाराने सांभाळून ठेवले होते. आपल्या पूर्वजांची ज्ञानाविषयीची दृष्टी किती उदार होती, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

या प्रवासात याकोबींना जैन आगम, टीका आणि कथाग्रंथ यांच्या विस्ताराची कल्पना आली. आपल्याबरोबर त्यांनी काही जैन हस्तलिखितेही मायदेशी नेली. पुढे त्यांचा तो संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला आणि तो ब्रिटिश लायब्ररीत जतन झाला. मायदेशी परतल्यावर १८७६ मध्ये ते म्युन्स्टर येथे, १८८५ मध्ये कील येथे आणि १८८९ मध्ये बॉन येथे प्राध्यापक झाले. १९२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते बॉनलाच होते. बाह्य जीवनाचा हा आलेख एवढाच. त्यांचे खरे चरित्र त्यांच्या ग्रंथांत आहे.

त्या ग्रंथांचे मोल कळावयाचे तर त्या काळी युरोपात जैन धर्माविषयी काय समजूत होती, हे ध्यानी घेतले पाहिजे. जैन ही बौद्ध धर्माची एक उशिरा फुटलेली शाखा आहे, असे मोठमोठे विद्वान लिहीत होते. विल्सन यांचे मत तसे होते. बॉनचे ख्यातनाम प्राध्यापक लासेन यांनी त्यास विस्तृत रूप दिले. आणि खुद्द याकोबींचे गुरू वेबर यांनीही आरंभी तीच दिशा धरली होती. याच्या उलट टोकाला कोलब्रुक आणि मुंबईचे पाद्री स्टीव्हन्सन होते. १८४८ साली कल्पसूत्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे हेच स्टीव्हन्सन. गौतम बुद्ध हा महावीरांचा शिष्य असावा, असे या दोघांचे म्हणणे. महावीरांचे पहिले गणधर इंद्रभूती गौतम आणि कपिलवस्तूचे गौतम बुद्ध या दोघांच्या नावातील सारखेपणाने हा घोटाळा झाला होता. एकूण काय, तर भगवान महावीर नावाचे कोणी स्वतंत्र ऐतिहासिक पुरुष होऊन गेले की बुद्धाच्याच चरित्राची ती छाया, इथपर्यंत शंका घेतली जात होती. शाळा-महाविद्यालयांतून आपल्या मुलांनी हेच शिकावयाचे आणि आपला धर्म उसना आहे असे समजून चालावयाचे, अशी ती वेळ होती.

१८७९ मध्ये लायप्झिग येथून याकोबींनी भद्रबाहूंच्या कल्पसूत्राची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. पर्युषणात ज्या ग्रंथाचे वाचन श्वेतांबर परंपरेत मोठ्या भक्तिभावाने होते, तोच हा ग्रंथ. त्यास जोडलेल्या प्रस्तावनेत या एकोणतीस वर्षांच्या अभ्यासकाने आपल्या गुरूच्या आणि लासेनसारख्या दिग्गजाच्या मताविरुद्ध भूमिका मांडली. १८८२ मध्ये आचारांगसूत्राचे संपादन आले. १८८४ मध्ये मॅक्सम्युलर यांच्या सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट या मालेत आचारांग व कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर बाविसावा खंड म्हणून आले आणि १८९५ मध्ये उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचे भाषांतर पंचेचाळिसावा खंड म्हणून. या दोन खंडांच्या प्रस्तावना आजही प्रत्येक सुशिक्षित जैनाने एकदा तरी वाचाव्यात, असे या लेखकाचे प्रामाणिक मत आहे.

याकोबींच्या युक्तिवादाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी साक्षीदार म्हणून प्रतिपक्षालाच उभे केले. जैनांचे ग्रंथ जैनांच्या बाजूने बोलणारच. त्यावर संशय घेणाऱ्याचे समाधान कसे व्हावे? म्हणून त्यांनी बौद्धांचे पाली त्रिपिटक उघडले. तेथे बुद्धाच्या काळातील सहा प्रसिद्ध धर्माचार्यांपैकी एक म्हणून निगंठ नातपुत्त यांचा उल्लेख वारंवार येतो. निगंठ म्हणजे निर्ग्रंथ आणि नातपुत्त म्हणजे ज्ञातृकुलात जन्मलेले. आपल्या आगमांत भगवान महावीरांना हेच ज्ञातृपुत्र विशेषण आहे. त्यांचा देहान्त पावा येथे झाला, असेही बौद्ध ग्रंथ सांगतात. म्हणजे स्थळ, कुल, काळ आणि संघाचे नाव, सर्व जुळते. ब्यूलर यांनाही स्वतंत्रपणे हीच ओळख पटली होती. ज्याला बुद्धाचे ग्रंथच बुद्धाचा प्रतिस्पर्धी म्हणून ओळखतात, तो त्याची छाया कसा असेल?

पुढचे पाऊल याहून महत्त्वाचे होते. बौद्ध ग्रंथ निर्ग्रंथांचा उल्लेख नव्याने निघालेला पंथ म्हणून कुठेही करीत नाहीत. आधीपासून प्रस्थापित असलेला, गृहस्थ अनुयायी बाळगणारा संघ म्हणूनच करतात. मज्झिमनिकायात सच्चक नावाच्या वादपटूची कथा आहे. तो बुद्धाशी वाद घालतो आणि तो निर्ग्रंथाचा पुत्र आहे. बुद्धाच्या समकालीनाचा पिताच निर्ग्रंथ होता, तर तो संप्रदाय बुद्धाच्या काळात जन्मलेला कसा म्हणता येईल?

आणि मग चातुर्यामाचा मुद्दा. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात निगंठ नातपुत्त हे चार संयमांचा उपदेश करतात, असे सांगितले आहे. आपण जाणतो की भगवान महावीरांची महाव्रते पाच. चार याम हे उत्तराध्ययनाच्या तेविसाव्या अध्ययनाप्रमाणे भगवान पार्श्वनाथांचे. श्रावस्तीच्या तिंदुक उद्यानात पार्श्वपरंपरेचे केशीकुमार श्रमण आणि गौतम गणधर यांची भेट होते, चार व पाच यांचा भेद का, यावर दोघांचे सौहार्दपूर्ण बोलणे होते, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकला असेल. याकोबींनी या दोन ग्रंथांना समोरासमोर ठेवले. बौद्धांनी चूक केली, जुन्या निर्ग्रंथांची शिकवण त्यांनी महावीरांच्या नावावर घातली. पण ही चूक करावयास महावीरांपूर्वीचा चार यामांचा संप्रदाय आधी अस्तित्वात असावा लागतो. प्रतिपक्षाच्या एका चुकीतून तेविसावे तीर्थंकर इतिहासाच्या प्रकाशात आले. भगवान पार्श्वनाथ ही ऐतिहासिक व्यक्ती होती, हे मत आज जगभरातील बहुतेक विद्वानांना मान्य आहे, त्याचा पाया हा.

लासेन यांचे चार मुद्देही त्यांनी एकेक करून तपासले. दोन्ही धर्मांत जिन, अर्हत्, बुद्ध अशी विशेषणे समान आहेत, हा त्यांपैकी पहिला. याकोबींनी दाखवले की शब्द समान असले तरी प्रत्येक संघाने आपापले खास शब्द निवडले. बौद्धांनी तथागत, सुगत हे जवळ केले. जैनांनी जिन, वीर. तीर्थंकर हा शब्द तर मोठा सूचक आहे. आपल्याकडे तो परमोच्च पदाचा वाचक, तर बौद्ध ग्रंथांत तो परमताच्या आचार्यांना लावलेला हिणकस शब्द. जैन जर बौद्धांतून फुटून निघाले असते, तर जुन्या घरात ज्या शब्दाने इतरांना हिणवले जाई, तोच शब्द त्यांनी आपल्या आराध्यांना का लावला असता? कालगणनेचा मुद्दा असा की, आपल्या उत्सर्पिणी-अवसर्पिणी व त्यांचे सहा-सहा आरे यांची रचना बौद्धांच्या कल्पगणनेपेक्षा वेगळीच आहे. मंदिर-मूर्तिपूजेच्या साम्याला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. ती गोष्ट दोन्हीकडे गृहस्थांच्या भक्तीतून आली असावी, असे त्यांना वाटले.

अहिंसादी व्रतांच्या मुद्द्यावर मात्र त्यांचे उत्तर आपल्या मनाला थोडे खटकणारे आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात संन्याशांची जी व्रते आहेत, त्यांच्याशी तुलना करून जैन व बौद्ध या दोहोंनीही साधुजीवनाचा आराखडा ब्राह्मण संन्यासाश्रमावरून घेतला, असे त्यांनी लिहिले. श्रमणपरंपरा स्वतंत्र व तितकीच प्राचीन मानणाऱ्या नंतरच्या अनेक अभ्यासकांनी हे मत स्वीकारलेले नाही. भगवंतांच्या निर्वाणकाळाविषयीही तसेच. आपला वीर निर्वाण संवत इसवी सनपूर्व ५२७ धरून चालतो आणि १९७४ साली २५०० वा निर्वाणमहोत्सव आपण त्याच गणनेने देशभर साजरा केला. याकोबींनी हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वातील उल्लेख धरला. तेथे निर्वाणानंतर १५५ वर्षांनी चंद्रगुप्त राजा झाला असे आहे. त्यावरून त्यांनी निर्वाणाचे वर्ष सुमारे साठ वर्षे अलीकडे आणले. हेमचंद्राचार्य आपलेच आणि परंपराही आपलीच. मग पंडिताने कोणती धरावी? हा वाद अद्याप मिटलेला नाही. याकोबी आपल्या बाजूचे वकील नव्हते, हे या दोन उदाहरणांवरून कळते आणि म्हणूनच जिथे त्यांचा निर्णय आपल्या श्रद्धेशी जुळला, तिथे जगाने तो मानला. १९२७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणि १९३९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जैन धर्म हा हिंदू धर्मातून फुटलेला पंथ नव्हे, अशा आशयाची निरीक्षणे नोंदवली. मद्रासच्या न्यायमूर्तींनी त्यासाठी आधुनिक संशोधनाचा हवाला दिला होता. त्या संशोधनात याकोबींचा वाटा अग्रभागी होता.

उत्तरायुष्यात त्यांनी जैन तत्त्वज्ञानाकडे अधिक लक्ष दिले. उमास्वातींच्या तत्त्वार्थाधिगमसूत्राचे जर्मन भाषांतर १९०६ मध्ये आले. १९०८ मध्ये ऑक्सफर्ड येथील धर्मेतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी जैनांच्या तत्त्वमीमांसा व आचारशास्त्रावर निबंध वाचला. आस्रव या शब्दाविषयीचा त्यांचा विचार तर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. आस्रव म्हणजे आत वाहून येणे. आपल्या दर्शनात कर्म हे सूक्ष्म पुद्गल आहे, ते आत्म्याकडे खरोखरीच वाहत येते, म्हणून शब्दाचा अर्थ अक्षरशः जुळतो. संवर म्हणजे तो प्रवाह अडविणे, तेही जुळते. बौद्धांत हाच शब्द चित्ताच्या मलांना लावला आहे. पण तेथे प्रत्यक्ष काही वाहत येते अशी कल्पनाच नाही. म्हणजे शब्द ज्यांच्याकडे मूळ अर्थाने नांदतो, त्यांच्याकडून तो इतरांनी घेतला असावा. आणि याचाच अर्थ असा की जैनांचा कर्मसिद्धांत बौद्ध धर्माच्या उदयापूर्वीचा असला पाहिजे. पाठशाळेत नवतत्त्वे पाठ करताना जो शब्द आपण घोकून टाकतो, त्याच्या पोटात एवढा इतिहास दडलेला आहे!

महाराष्ट्राशी त्यांचा आणखी एक धागा आहे. उत्तराध्ययनावरील देवेंद्रांच्या टीकेतील प्राकृत कथा निवडून त्यांनी १८८६ मध्ये एक ग्रंथ सिद्ध केला आणि त्याच्या नावातच महाराष्ट्री हा शब्द घातला. ब्रह्मदत्त, सनत्कुमार, मूलदेव, अगडदत्त यांच्या त्या रसाळ कथा. त्याला त्यांनी व्याकरण आणि शब्दकोशही जोडला. जैन कथाकारांच्या या भाषेला जैन महाराष्ट्री हे नाव रूढ झाले ते त्यांच्यामुळे. मराठीच्या वंशावळीत महाराष्ट्री प्राकृताचे स्थान काय, हे आपण जाणतोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला व प्राकृताला एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी बोलणाऱ्या जैनाला याचा दुहेरी आनंद होणे स्वाभाविक आहे. विमलसूरींचे पउमचरिय, म्हणजे जैन परंपरेतील प्राकृत रामकथा, याकोबींच्या संपादनाने १९१४ मध्ये भावनगरहून प्रसिद्ध झाले. वाल्मीकिरामायणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा पंडितच हे काम करू शकला, कारण दोन्ही रामकथांच्या वाटा त्याला ठाऊक होत्या. सिद्धर्षींची उपमितिभवप्रपंचा कथा आणि हरिभद्रसूरींची समराइच्चकहा यांची संपादनेही त्यांच्या नावावर आहेत.

येथे लोकमान्य टिळकांचे स्मरण होते. वैदिक ग्रंथांतील नक्षत्रांच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ इसवी सनपूर्व चार हजारांच्याही मागे जातो, असे टिळकांनी १८९३ मध्ये ओरायन या ग्रंथात मांडले. त्याच वर्षी याकोबींनी जर्मनीत स्वतंत्रपणे जवळजवळ तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोघांचीही बुद्धी गणिती! विद्वानांत मोठा वाद झाला आणि आज बहुसंख्य अभ्यासक तो काळ मान्य करीत नाहीत. पण शिलालेखांतील तिथी-वार पडताळण्यासाठी याकोबींनी जी गणिती कोष्टके तयार केली, ती अभ्यासकांच्या फार कामी आली.

१९१३–१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते पुन्हा भारतात आले. चाळीस वर्षांपूर्वीचा अनोळखी तरुण आता जगन्मान्य पंडित होता. विद्यापीठात त्यांनी अलंकारशास्त्रावर व्याख्याने दिली. जैन समाजाने त्यांचे मनःपूर्वक स्वागत केले आणि जैन दर्शन दिवाकर ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. आचार्य विजयधर्मसूरी यांच्याशी त्यांचा स्नेह होता. गुजरातेतील साधूंनी त्यांना विश्वासाने ग्रंथ दाखवले. जैसलमेरचे पंच आणि हे साधू यांच्या वागण्यातील अंतर म्हणजे चाळीस वर्षांत याकोबींनी कमावलेली पत होय. याच फेरीत अपभ्रंश भाषेतील धनपालाच्या भविसत्तकहेची प्रत त्यांच्या हाती आली. १९१८ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, म्युनिकहून त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला खरी सुरुवात झाली.

या गौरवाच्या कथेत एक काटा आहे. तो लपवून चरित्र लिहिणे योग्य होणार नाही. आचारांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात भिक्षेचे नियम आहेत. तेथे पुष्कळ अट्ठी असलेले मंस आणि पुष्कळ कंटक असलेला मच्छ, असे शब्द येतात. १८८४ च्या भाषांतरात याकोबींनी त्यांचा रूढ अर्थच दिला; म्हणजे साधूंच्या भिक्षेच्या संदर्भात मांस व मासे असे शब्द इंग्रजीत उतरले. पुढे ते भाषांतर आपल्याकडील शिकलेल्या लोकांच्या वाचनात आले, तेव्हा समाज व्यथित झाला. अहिंसा हाच ज्या धर्माचा प्राण, त्याच्या सर्वांत प्राचीन सूत्राविषयी हे जगभर छापले जावे, याचे दुःख किती झाले असेल, याची कल्पना आजही करता येते. अनेकांनी प्रतिवाद केला. अट्ठी म्हणजे फळातील कोय आणि मंस म्हणजे गर, असे वनस्पतिपर अर्थ कोशांच्या आधारे दाखविण्यात आले.

याकोबींचे या संदर्भातील उत्तर १९२८ मधील एका पत्रात आहे. त्या वेळी ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पतंजलीच्या महाभाष्यात एक दृष्टांत येतो. ज्याला मासा हवा, तो खवले व काटे यांच्यासह तो आणतो, कारण ते वेगळे करून मिळत नाहीत. मग घेण्याजोगे तेवढे घेतो आणि उरलेले टाकतो. हा त्या काळी शास्त्रात रूढ झालेला दृष्टांत होता. सूत्रातील शब्द त्याच लाक्षणिक अर्थाने घ्यावेत, असे त्यांनी सुचवले. ज्या वस्तूचा थोडा भाग खाण्याजोगा आणि पुष्कळ भाग टाकून द्यावा लागतो, अशी वस्तू साधूने भिक्षेत घेऊ नये, एवढाच त्या नियमाचा आशय. त्याच ठिकाणी उसाची कांडी व शेंगा यांचा उल्लेख आहे, हे पाहिले म्हणजे हा अर्थ संदर्भाला धरून आहे असे वाटते. सर्व विद्वानांचे त्याने समाधान झालेले नाही, हेही खरे. पण चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे आपलेच भाषांतर वृद्धापकाळी पुन्हा तपासण्यास बसणे, हे थोर मनाचे लक्षण आहे. खेद एवढाच की मूळ भाषांतर आजही जसेच्या तसे पुनर्मुद्रित होते आणि ते पत्र फारच थोड्यांच्या पाहण्यात येते. हे पत्र मराठीत भाषांतर करून छापणे एखाद्या संस्थेला अवघड नाही.

त्यांच्या शिष्यांत हेल्मुट फॉन ग्लासेनाप यांचे नाव आपल्याला विशेष जवळचे. जैन कर्मसिद्धांतावरील त्यांचा प्रबंध बॉन येथे याकोबींच्या हाताखाली तयार झाला आणि त्याचे इंग्रजी रूपांतर १९४२ मध्ये मुंबईहून निघाले. जैन धर्मावरचा त्यांचा १९२५ चा जर्मन ग्रंथ तर युरोपात दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. याकोबींचे काम मुख्यत्वे श्वेतांबर आगमांच्या आधारे झाले. दिगंबर परंपरेचे मूळ सिद्धांतग्रंथ, धवला व जयधवला टीकांसह, कर्नाटकात मूडबिद्री येथे ताडपत्रांवर होते. त्यांचे दर्शन होई, पण ते अभ्यासकांच्या हाती येत नसत. जैन कर्मसिद्धांताची प्राचीनता एका शब्दाच्या अर्थावरून सिद्ध करणाऱ्या या पंडिताला कर्मसिद्धांताचा तो सर्वांत विस्तृत ग्रंथ वाचावयास मिळाला नाही. १९ ऑक्टोबर १९३७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी बॉन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला खंड छापून बाहेर आला, तो आपल्या अमरावतीहून.